वीतभर चढ

माझ्या पहिल्याच दिवशी सरपंचांनी खुर्चीवर बसण्याआधी माझं टेबल उचललं. मी त्या गावची ग्रामसेविका. समोर हजेरीपत्रक, शिक्के, चहाचा अर्धा कप, आणि हा साठीतला पांढऱ्या मिशांचा माणूस टेबलाचा एक पाय हातात धरून मला सांगतोय, "मॅडम, कागदाची घडी द्या. चौपदरी." मी दिली. त्यांनी ती पायाखाली सारली, खिशातून बोटाएवढी पाणसळ काढून टेबलावर ठेवली, आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत वाट पाहिली आणि मग खुर्चीकडे वळले. "आता बसू," म्हणाले. तोवर माझा चहा गार झाला होता.

त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, उपविभागीय अभियंता म्हणून बाहेर पडले, तेही निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना, स्वतःहून. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, धानाचं, पाठीशी मोठा तलाव असलेलं. साहेबांचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून आलेले. घरात पोवारी, गावात झाडीबोली, कागदावर शुद्ध मराठी आणि राग आला की हिंदी, अशी त्यांची वाटणी होती. माझी बदली तिथं झाली तेव्हा पंचायत समितीतला एक जण म्हणाला होता, "सरपंच इंजिनियर आहे, मॅडम, नशीब खुललं तुमचं." त्याच्या शेजारचा नुसता हसला होता. सहा महिने मला हसणाऱ्याचंच बरोबर वाटत होतं. कुडव्याला घरी फोन केला की मी आईजवळ याच माणसाचं रडगाणं गायचे.

गाव त्यांना डंपी साहेब म्हणायचं. डंपी म्हणजे डंपी लेव्हल, जमिनीचा चढउतार मोजायची तीन पायांवरची दुर्बीण. खात्याच्या लिलावात मोडीत निघालेली एक त्यांनी विकत घेतली होती, आणि ती त्यांच्या स्कूटरवर पुढं, दोन पायांच्या मध्ये, लेकरासारखी बसलेली असायची. या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. माणूस डोक्यावर उभा, म्हैस आभाळाला टांगलेली. "राजकारणात पडायचं तर याची सवय असलेली बरी," असं ते एकदा म्हणाले. त्यांचा विनोद वर्षातून दोनदा व्हायचा, त्यातला हा एक.

त्यांची निवडणूक मी गावात यायच्या आधीची, पण ती मला दहा जणांनी दहादा सांगितली आहे. घरोघर गेले, हात जोडले नाहीत, आश्वासन दिलं नाही. एवढंच विचारायचे, "पावसात पाणी कुठवर चढते?" मग गेरूचा खडा काढून भिंतीवर तिथं रेघ मारायचे आणि पुढच्या घरी जायचे. चिन्ह मिळालं होतं शिलाई मशीन. बायकांनी विचारलं, साहेब, निवडून आले त मशीन वाटान का? तर म्हणाले, "नाही. मला बटणसुद्धा लावता येत नाही." एवढं करून निवडून आले. पहिल्या पावसाळ्याआधी, जिथं रेघ सगळ्यात उंच होती त्या गल्लीत त्यांनी नाली खोदायला घेतली, आणि उंचीच्या क्रमानं खाली खाली येत गेले. स्वतःच्या घरासमोरची नाली शेवटी झाली, कारण तिथली रेघ सगळ्यात बुटकी होती.

त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. एकदा पापड लाटता लाटता त्यांनी मला सांगितलं, "लग्नात अंतरपाट काढला, अन् हा माझ्याकडं नाई, मांडवाच्या मेढीकडं पाहून रायला होता. मेढ तिरपी होती म्हने. मी म्हटलं, बरं झालं, मी तरी सरळ उभी होती." साहेब पलीकडच्या खोलीत होते. तिथून आवाज आला, "दोन इंच होती तिरपी." बाईंनी लाटणं माझ्याकडे रोखून, पाहा, अशी मान हलवली.

तालुक्यातल्याच प्रतापगडला दर्शनाला जाऊन येणारे लोक प्रसाद आणतात, साहेब पायऱ्यांचा आकडा आणायचे. चढताना एक आणि उतरताना दुसरा आला तर परत चढायला निघायचे, आणि बाई खाली चहाच्या टपरीवर बसून राहायच्या. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. कोणी काहीही सांगो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मोजलं का?" शेजाऱ्यानं हातभर जागा दाबली म्हणून एक जण तक्रार घेऊन आला. साहेबांनी विचारलं, "हात कोणाचा? तुझा की त्याचा?" आणि खरोखर दोघांना बोलावून दोघांचे हात टेपनं मोजले. एकाचा हात दुसऱ्यापेक्षा दीड इंचानं आखूड निघाला. त्यावर दोघंही हसले आणि ती तक्रार माझ्या दप्तरात यायची राहिली.

गावात शाळेपर्यंतचा सिमेंट रस्ता झाला. लोकार्पणाला मोठे पुढारी आले, मांडव, बँड, रांगोळी, सगळं साग्रसंगीत. पुढाऱ्यांच्या हातात नारळ, आणि आमचे सरपंच खांद्यावर पाण्याची घागर घेऊन आले. "साहेब, नारळ थोडा थांबवा," म्हणाले, "आधी पाणी कुठं जाते पाहू." रस्त्याच्या तोंडाशी त्यांनी घागर उपडी केली. बँड आपोआप बंद पडला. पाणी सावकाश निघालं, नाली सोडून शाळेच्या फाटकाकडे वळलं, आत शिरलं आणि मुख्याध्यापिका बाईंच्या खुर्चीखाली जाऊन साचलं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पुढाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "तो क्या करना है?" साहेब म्हणाले, "तोडना है. दस मीटर." ठेकेदार इकडंतिकडं पाहायला लागला. पुढाऱ्यांनी नारळ टेबलावर ठेवला. "सरपंचजी, जब पानी ठीक जाएगा, तब बुलाना." पंधरा दिवसांत दहा मीटर तोडून पुन्हा झाले. पुढारी दुसऱ्यांदा आले, आणि या वेळी घागर त्यांनीच मागितली. जाताना कार्यकर्त्यांना म्हणाले, "ऐसा आदमी जिल्हा परिषद में चाहिए."

ते वाक्य गावभर झालं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि तिकीट डंपी साहेबांनाच, हे सगळे धरून चालले. मी त्यांना कशाचा लोभ धरताना पाहिलं नाही, पण हे तिकीट त्यांना हवं होतं, अगदी मनापासून. त्यांच्याकडे एक जाड वही होती. रविवारी स्कूटर काढून ते तालुक्यातले तलाव मोजत हिंडायचे. पाळ कुठं खचली, सांडवा कुठं फुटला, गाळ किती, सगळं त्या वहीत नकाशासकट होतं. "सरपंचाचा हात एका तलावापर्यंत पोचतो," ते मला म्हणाले होते. "जिल्हा परिषदेत गेलो तर ही वही उघडता येईल."

हे सगळं सांगून झालं, आता मुख्य गोष्ट. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचं जे तोंड असतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तिथून निघालेली नहर गावाच्या अंगानं जाते आणि अडीच किलोमीटरवर खालच्या टोलीत, गावापासून सुट्या वस्तीत, संपते. तुडूम उघडायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ पाणी हे ठरवायचं काम ज्याचं, तो पाणकर. पस्तीसेक वर्षांमागं दसरू नावाचा माणूस पाणकर होता, टोलीतलाच. त्याच काळात नहर सिमेंटची झाली आणि तेव्हापासून टोलीत पाणी येईनासं झालं. तलाव काठोकाठ असला की यायचं, जरा उतरला की बंद. ओरड झाली, दसरू वरच्या शेतकऱ्यांना पाणी विकतो. खात्याची चौकशी झाली, अहवाल आला की पाणकर परस्पर पाणी वळवतो, आणि दसरूचं काम गेलं. त्याच वर्षी त्याच्या पोरीचं लग्न होतं. टोलीतले लोक पंगतीला बसले आणि पत्रावळीवर भात पडल्यावर उठले. सगळ्यात आधी उठली शेवंताबाई, नहरीच्या अगदी शेवटच्या बांधीची मालकीण. तिचं धान त्या वर्षी उभ्याउभ्या वाळलं होतं. तेव्हापासून दसरू कोणाच्या पंगतीला गेला नाही की कोणत्या सभेला. पाणी मात्र दसरू गेल्यावरही येत नव्हतंच. त्याचं उत्तर टोलीकडे तयार होतं, नवा पाणकरही चोर.

एका वैशाखात साहेबांनी ठरवलं की नहर मोजायची. "कुठं दगड टाकतात, कुठं फोडतात, सगळं सापडेल," म्हणाले. आवाजात उत्साह होता, कारण ही त्यांची आवडती नहर. खात्यात लागल्यावर त्यांनी आखलेली ती पहिली. शिपाई लग्नाला गेलेला, म्हणून मोजणीची पट्टी धरून उन्हात उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. मी डोक्याला ओढणी गुंडाळली आणि कोरड्या नहरीत उतरले. तुडुमापासून मोहाच्या झाडाजवळच्या मोरीपर्यंत सगळं सुरळीत झालं. मोरीच्या पुढं साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला, काढला, काच पुसली, पुन्हा लावला.

"पट्टी सरळ धरा."

"सरळच आहे, साहेब."

"बुडाखाली दगड आहे का?"

"नाही."

ते स्वतः आले, हातानं पालापाचोळा सारला, तळाचं स्वच्छ सिमेंट बोटानं खरवडून पाहिलं. दुर्बीण दुसऱ्या बाजूला नेली. तिथूनही तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग ते नहरीच्या काठावर बसले आणि हाताची बोटं ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर मला दाखवलं. "मॅडम, इथून पुढं नहर एवढी वर आहे. एक वीत."

"कोणी भर टाकली असेल."

"सिमेंटवर कोण भर टाकते? बांधली तशीच आहे."

मला समजायला थोडा वेळ लागला, पण गोष्ट सोपी होती. तलाव भरलेला असला की पाणी जोरानं तो चढ चढून टोलीपर्यंत जाई, म्हणून नहरीवर कोणाला शंका आली नाही. तलाव उतरला की तेच पाणी मोरीशी थांबे, आणि धानाला पाण्याची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. कोणी चोर नव्हतं. कोणी दगड टाकत नव्हतं. पस्तीसेक वर्षं एक अख्खी टोली पाणी चढ चढत नाही म्हणून माणसाला शिव्या देत होती.

घरी गेल्यावर साहेबांनी लोखंडी पेटी उघडली. नोकरीतल्या मोजणीच्या सगळ्या वह्या त्यांनी जपल्या होत्या. पान सापडलं. पिवळं पडलेलं, अक्षर त्यांचंच. मोरीच्या दगडावर धरलेल्या पट्टीचा आकडा त्यांनी एक-पन्नास मीटर लिहिला होता. होता एक-तीस. उलट्या दुर्बिणीत एक-चाळीसच्या रेघेपासून दहा वर मोजायचे ते खाली मोजले गेले होते. तिथून पुढची सगळी नहर त्या वीतभर चुकीवर उभी होती. मी म्हटलं, पण पानाच्या तळाशी ताळा तर जुळलाय. ते म्हणाले, "ताळा जुळतोच. चुकीचं वाचलं आणि बरोबर मांडलं तरी जुळतो. ही चूक पकडायला शेवटून सुरुवातीपर्यंत परत मोजत यायचं असते." आणि पान उलटलं. परतीच्या मोजणीचं पान कोरं होतं.

बाईंनी वरची तारीख वाचली आणि त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "त्या दिवशी दुपारच्या गाडीनं हा मले पाहाले आला होता," त्या मला म्हणाल्या. साहेब वही मिटत म्हणाले, "हे कारण कुठं सांगायचं नाही." मग त्यांनी पेटीचं झाकण लावलं. शेवटी त्यांनीच सांगितलं, "चौकशीचा अहवालही माझाच आहे, मॅडम. दसरूवर मीच लिहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही टोलीत गेलो. दसरूबाबा ओसरीवर मासे धरायचं जाळं सांधत बसले होते. साहेब जमिनीवर त्यांच्यासमोर बसले, मीही बसले.

"बाबा, नहर मोरीच्या पुढं वीतभर वर हाये."

"हो," म्हातारा म्हणाला. हात चालूच.

"तुमाले ठाऊक होतं?"

"मी पान्याच्या पुढं चालत होतो, साहेब. मोरीजवर पानी थांबे अन् मांगं पाहे. मी सांगतलो होतो तुमाले. तुमी जीपगाडीत बसले होते. तुमी म्हनले, आमी मोजलं हाये."

मला साहेबांकडे पाहवेना. त्या दिवसानंतर 'मोजलं का' हे त्यांच्या तोंडून मी फारच कमी ऐकलं. त्याऐवजी विचारायचे, "तिथं रोज कोण जाते? त्याला विचारलं का?" दसरूबाबांना ते एवढंच म्हणाले, "एक तारखेले ग्रामसभा हाये. या."

"चोराले कायची सभा?"

"म्हनूनच या."

म्हाताऱ्यानं जाळ्याचा पुढचा डोळा धरला.

बातमी उपसरपंचांना माझ्याकडूनच कळली, आणि ते तासाभरात हजर झाले. माणूस वाईट नव्हता, त्याला व्यवहार कळत होता. "साहेब, जुनं मढं कायले उकरता? नहर नीट करा, खुशाल करा. कागदावर तांत्रिक दोष लिहा न. यादी निघून रायली तिकिटाची. कोनाच्या हाती द्यायचं हे कोलीत?" साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हा तांत्रिक दोष राहतो कुठं? त्याचं घर दाखवा, मी त्याला नोटीस देतो." उपसरपंच माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी तरी सांगा यायले." मी सांगणार होते. खरं सांगते, मला तेव्हा उपसरपंचांचंच पटत होतं. त्या वहीतले सगळे तलाव एका म्हाताऱ्याच्या नावापायी कायले घालवायचे, असं माझ्या मनात आलं होतं.

ठरावाचा मसुदा मी केला. माझ्या सरकारी हाताला जे वळण आहे तसाच केला, 'तत्कालीन कनिष्ठ अभियंता यांच्याकडून अनवधानाने'. साहेबांनी वाचला. "तत्कालीन म्हटलं की माणूस मेल्यासारखा वाटतो. मी जिवंत आहे. लिहा, सध्याचे सरपंच." मी नाव लिहिलं, पद लिहिलं. "अनवधानाने काढा." मी म्हटलं, मग कारण काय लिहू? म्हणाले, "कारण लिहू नका. कारण लिहिलं की वाचणाऱ्याला माझी कीव येईल. टोलीला पाणी नव्हतं तेव्हा कोणाला त्यांची कीव आली होती?"

महाराष्ट्र दिनाच्या त्या ग्रामसभेला समाजमंदिर भरून लोक बाहेर उभे होते. एका अंगाला वरचे शेतकरी, दुसऱ्या अंगाला टोली, मध्ये वाटेएवढी जागा. साहेबांनी उभं राहून ठराव वाचला, मोजणीची दोन्ही पानं वर धरून दाखवली, आणि चूक कोणाची हे स्वतःच्या पूर्ण नावानिशी सांगितलं. वरच्यांपैकी एक जण उसळला, "म्हंजे आमी इतके साल चोरीचं पानी खाल्लं म्हनता का?"

"नाही. तुम्ही घेतलं नाही. पाण्याला पुढं जाता आलं नाही, म्हणून ते तुमच्याकडं थांबलं."

तो खाली बसला. टोलीच्या अंगानं कोणीतरी विचारलं, "मंग दसरू?"

"दसरूबाबांनी पाणी वळवलं नाही. विकलं नाही. मी लिहिलं होतं की वळवलं. मी खोटं लिहिलं."

उपसरपंच धडपडून उभे राहिले. "चुकून लिहिलं म्हना, साहेब, चुकून."

साहेब त्यांच्याकडे वळले. "मोजणी चुकून झाली, भाऊ. अहवाल चुकून नाही झाला. पाणकर सांगत होता, मी जीपमधून उतरलो नाही. न पाहता लिहिलं ते खोटंच असते."

माझा पेन थांबला होता. "लिहा, मॅडम," ते म्हणाले, आणि मी तसंच्या तसं लिहिलं. सतरा वर्षांच्या नोकरीत मी हजारो ठराव लिहिले असतील, पण सहीखाली 'चूक माझी' असं कोणाचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मला रडू येत होतं आणि अक्षर बिघडू नये म्हणून मी ते दाबत होते. ज्या माणसाची मी आईजवळ टिंगल केली, तो एवढा मोठा निघाला होता. हात वर झाले, आधी थोडे, मग बरेच. शेवंताबाई मात्र पदर पुढं ओढून बसली होती. तिनं हात वर केला नाही. खिडकीतून मला बाहेर कडुनिंबाखाली काठी टेकून उभे असलेले दसरूबाबा दिसले. हात मोजून होईपर्यंत ते थांबले आणि टोलीच्या वाटेला लागले. त्यांना हाक मारायचं कोणाला सुचलं नाही.

तिकीट उपसरपंचांना मिळालं आणि ते निवडून आले. विजयाच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी साहेब ती जाड वही घेऊन त्यांच्या घरी गेले. मी बरोबर होते. "हे सगळे तलाव आहेत. एकेक करून विषय काढा, मी आकडे देत जाईन." नवे सदस्य वहीकडे आणि साहेबांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. त्यांना वाटलं असेल, यात काहीतरी डाव आहे. घराबाहेर आल्यावर मी साहेबांना विचारलं, वाईट नाही वाटत? ते म्हणाले, "लय वाटते," आणि स्कूटरला किक मारली.

मोरीच्या पुढची नहर त्याच उन्हाळ्यात रोजगार हमीतून तोडून पुन्हा बांधली. साहेब रोज कामावर. शेवटी मोजणी झाली, आणि मग मी पट्टी घेऊन शेवटून सुरुवातीपर्यंत परत चालत आले, त्यांचं परतीचं पान पूर्ण होईपर्यंत. पाणकर म्हणून पुन्हा दसरूबाबांचीच नेमणूक व्हावी असा ठराव झाला. तो घेऊन आम्ही गेलो तर म्हातारा म्हणाला, "तुडूम खोलीन मी. पन माहे गुडघे गेले. पान्याच्या पुढं कोन चालंल?" पाणकरानं पाण्याच्या पुढं चालायचं असतं. पालापाचोळा काढत, खळगे बुजवत, शेवटच्या बांधीपर्यंत. तिथला शेतकरी विचारतो, पाणकर कोण? त्यानं नाव सांगायचं, आणि मग शेतकऱ्यानं पाणी बांधीत घ्यायचं. अशी तिथली रीत. साहेब म्हणाले, "मी चालतो."

आश्विनात पाऊस थांबला, धानाला लोंब्या आल्या आणि तलाव उतरायला लागला. त्या सकाळी साहेबांनी बूट तुडुमाजवळ काढून ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, फावडं खांद्यावर घेतलं. दसरूबाबांनी तुडूम खोललं. साहेब पुढं, मागं पाणी, आणि काठावरून मी. फांद्या काढत, गवत उपटत त्यांचं चालणं चाललं होतं, आणि मध्येच ते मागं वळून पाण्याकडे पाहायचे. मोरीशी आले आणि उभेच राहिले. पाणी आलं, पण थांबलं नाही, त्यांच्या टाचांना लागून पुढं निघालं. त्यांना अक्षरशः पळावं लागलं. साठीतला माणूस, सरपंच, चिखल उडवत पाण्याच्या पुढं पळतोय, हे पाहून मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते.

टोलीतले लोक आपापल्या बांधावर उभे होते. नहर संपते तिथं शेवंताबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. रीतीप्रमाणं तिनं विचारलं, "पानकर कोन हाये?"

साहेबांना दम लागला होता. "दसरू," ते म्हणाले.

तिनं ऐकलं. पाणी नहरीच्या तोंडाशी येऊन उभं होतं आणि ती बांध फोडेना. मला वाटलं, ही आता पाठ फिरवते. मग तिनं साहेबांच्या खांद्यावरचं फावडं घेतलं, स्वतः बांध फोडला आणि पाणी धानात शिरताना पाहत राहिली. पाणी पलीकडच्या धुऱ्याला लागलं तेव्हा तिनं फावडं परत केलं.

"दसरूभाऊले सांगजा," ती म्हणाली, "पानी पोचलं."

तुडुमावर दसरूबाबांजवळ शिपाई होता. मी म्हटलं, साहेब, थांबा, त्याला फोन लावते. पण ते वळले होते आणि अनवाणी, बांधावरून, अडीच किलोमीटर परत चालायला लागले होते.